कोरड्या पऱ्याची किंमत किती?

प्रश्न : आमच्या घरामागून एक पऱ्या, म्हणजे पावसाळी ओहोळ, जातो. गावच्या नळपाण्याच्या विहिरीच्या जरा वर तो व्हाळाला, म्हणजे मोठ्या ओढ्याला, मिळतो. शिमग्यापर्यंत कोरडा ठाक होतो. दारापर्यंत गाडी यावी म्हणून चुलतभावाला त्यात पाइप टाकून भराव घालायचा आहे. पाणी समितीत मी विरोध केला, तर एक जण म्हणाला, “असल्या पऱ्याची किंमत काय? आकडा सांग.” काय सांगू?
(एक वाचक, ता. राजापूर)

उत्तर : आकडा मागितला ते बरंच झालं. ‘पऱ्या वाचवा’ म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि आठवड्यात जेसीबी येतो. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करताना मी हे पुष्कळ पाहिलं.

आधी पऱ्या करतो काय ते बघा. गणपतीनंतर पाऊस ओसरला की त्यातला एक दगड उचला. बुळबुळीत लागेल. तो थर शेवाळाचा आणि जिवाणूंचा. कलमांना घातलेलं खत, गोठ्याचं पाणी यांतलं नत्र तो खेचून घेतो. पाचोळ्याखालच्या काळ्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथले जिवाणू पाण्यात विरघळलेल्या नत्राचा, म्हणजे नायट्रेटचा, नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. प्रवाह उथळ आणि अरुंद, त्यामुळे पाणी तळाला भरपूर लागतं. उत्तर अमेरिकेतल्या छोट्या ओढ्यांचा अभ्यास २००१ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आला होता. नत्र सर्वांत झपाट्याने शोषलं जातं ते सर्वांत लहान प्रवाहांत, असं त्यात दिसलं. पाइपात ना पाचोळा, ना चिखल. वरचं पाणी जसंच्या तसं विहिरीच्या दिशेने सुटतं.

आषाढातल्या पुरात हे काम फारसं होत नाही, हेही सांगून टाका. तेव्हा उपयोग काठाचा. करंजाची मुळं माती धरतात, वळणावर थोडा गाळ बसतो. पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळपणा मोजायचं एकक) असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात. गढूळ पाण्यात टीसीएलमधला (विहिरीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरमधला) बराच क्लोरीन गाळातल्या कुजक्या पदार्थांवरच खर्च होतो, जंतूंपर्यंत कमी पोचतो. मग टीसीएल वाढवा, तुरटी आणा, विहिरीतला गाळ काढायला माणसं लावा.

तुमचा आकडा इथे आहे. समितीचं दप्तर उघडा आणि टीसीएल, गाळ उपसणं, पंपाची दुरुस्ती यांवरचा वर्षाचा खर्च काढा. पऱ्या बुजल्यावर त्यात किती भर पडेल याचा अंदाज पंपवाल्याकडून घ्या. गाळण यंत्रणा बसवायची वेळ आली तर तिचं अंदाजपत्रकही मागवा. लोकांना ‘स्वच्छ पाण्यासाठी किती पैसे द्याल?’ असं विचारून किंमत काढायचीही पद्धत आहे, पण पाणीपट्टी थकवणाऱ्या गावात तिच्या नादी लागू नका.

न्यूयॉर्कने हाच हिशोब केला. गाळण प्रकल्पाला सहा अब्ज डॉलरच्या वर खर्च येणार होता. त्याऐवजी १९९७ च्या करारानुसार शहराने कॅट्स्किल डोंगरातलं पाणलोट राखायला पैसे घातले. ते बरंच स्वस्त पडलं.

एक मात्र बोलू नका : पऱ्या आहे म्हणून पाणी निर्धोक. संडासच्या खड्ड्यातले जंतू तो हमखास अडवत नाही. टीसीएल चालूच राहील.

तलाठ्याकडून गाव नकाशाही घ्या. ओहोळाच्या पात्रावर खासगी मालकी सिद्ध होत नसेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम २० नुसार ते सरकारचं. चुलतभावाला परस्पर बुजवता येणार नाही.

गाडीचा रस्ता ही त्याची गरज खरी आहे. तळ उघडा ठेवून वर स्लॅब टाकला, पुराचं पाणी मावेल एवढी रुंदी ठेवली, तर दोन्ही साधेल. पाइपापेक्षा खर्च जास्त येईल. चांगलं पाणी गावाला आणि भुर्दंड एकट्या त्याला, हे मला पटत नाही. हा जादा खर्च गावाने उचलावा, असा प्रस्ताव त्याच बैठकीत तुम्हीच मांडा.