आजोबांची जमीन, वडिलांचे नाव आणि आपला राजीनामा

प्रश्न : माझे वय 38 असून मी शहरातील एका कंपनीत साडेचार वर्षांपासून नोकरी करते. आजोबांनी स्वतःच्या कमाईतून डोंगरावर घेतलेल्या जमिनीवर आमची पाच कॉटेज आहेत आणि वडील ती पर्यटकांना भाड्याने देतात. आजोबा 1996 मध्ये आणि आजी 2008 मध्ये गेली. दोघांनीही मृत्युपत्र केले नव्हते. सातबाऱ्यावर फक्त वडिलांचे नाव आहे. वडिलांना एकच बहीण. ‘मला त्यातले काही नको’ असे आत्या नेहमी म्हणते. वडील आता 74 वर्षांचे आहेत आणि ‘तू ये, चालव, हे सगळे तुझेच आहे’ असे सांगतात. आई आहे. परदेशात असलेल्या मोठ्या भावाची हरकत नाही, उलट तो थोडे पैसेही देणार आहे. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मतः हक्क मिळाला, असे वाचले आहे. पुढच्या महिन्यात राजीनामा देऊन सगळी बचत कॉटेजच्या दुरुस्तीत घालावी, असा विचार आहे. काही अडचण येईल का?

उत्तर : अडचण येईल, आणि ती घरातील कोणाच्या वाईट हेतूमुळे नव्हे, तर सगळ्यांचे हेतू चांगले असल्यामुळे कोणीही कागद केला नाही म्हणून येईल. आपल्या कुटुंबाला हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 लागू होतो असे गृहीत धरून हे उत्तर देत आहे.

सर्वप्रथम ‘जन्मतः हक्का’चा गैरसमज दूर करतो. या कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला सहदायादाचा, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानेच हिस्सेदार असण्याचा, दर्जा मिळाला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात तो निःसंदिग्धपणे मान्य केला हे खरे. परंतु तो हक्क एकत्र कुटुंबाच्या सहदायकी मिळकतीपुरता आहे. आपल्या आजोबांनी ही जमीन स्वकष्टार्जित पैशातून घेतली आणि मृत्युपत्राशिवाय ते वारले, त्यामुळे ती कलम 8 नुसार त्यांच्या वारसांकडे गेली. अशा रीतीने मुलाला मिळालेला हिस्सा ही त्याची स्वतंत्र मिळकत असते, तिच्यात त्याच्या मुलांना जन्माने हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये चंदर सेन प्रकरणात स्पष्ट केले. बोलीभाषेत आपण जिला वडिलोपार्जित म्हणतो, ती कायद्याच्या दृष्टीने येथे तशी नाही. वडील हयात असेपर्यंत या जमिनीत आपल्या मालकीचा एक इंचही नाही.

आता हिस्से पाहू. 1996 मध्ये आजी, वडील आणि आत्या यांना प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा मिळाला. 2008 मध्ये आजीचा हिस्सा वडील आणि आत्या यांच्यात समान वाटला गेला. म्हणजे आज अर्धी जमीन वडिलांची आणि अर्धी आत्याची आहे. सातबाऱ्यावर एकट्या वडिलांचे नाव असल्याने यात फरक पडत नाही, कारण हक्कनोंदणीतील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खरी मानली जाते आणि फेरफाराने, म्हणजे त्या नोंदीतील नाव बदलल्याने, मालकी निर्माण होत नाही. आत्या इतकी वर्षे तिकडे फिरकली नाही किंवा ‘काही नको’ असे म्हणत आली, यानेही तिचा हिस्सा संपत नाही; स्थावरातील हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्रच लागते. उद्या वडील मृत्युपत्राशिवाय गेले, तर त्यांचा अर्धा हिस्सा आई, बंधू आणि आपण अशा तिघांत विभागला जाईल. ज्या जागेसाठी आपण नोकरी आणि सारी बचत पणाला लावणार आहात, त्या जागेत आपल्या वाट्याला एक षष्ठांश येईल.

आत्याच्या पश्चात तिचे वारस अर्ध्या हिश्श्याचे मालक होतील, आणि त्यांनी आपल्याला कोणताही शब्द दिलेला नसेल. वाटपाचा दावा झाला आणि वाट, पाणी, पाच कॉटेज यांची सोयीस्कर वाटणी शक्य नाही असे न्यायालयाला वाटले, तर विभाजन अधिनियम, 1893 च्या कलम 2 नुसार निम्म्या किंवा अधिक हिश्श्याचे धारक मिळकतीच्या विक्रीची मागणी करू शकतात. तसे झाल्यास कलम 3 नुसार त्यांचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत घेण्याची मुभा इतर हिस्सेदारांना असते. मात्र त्या किमतीत आपणच केलेल्या सुधारणांमुळे झालेली वाढही धरली जाण्याचा धोका आहे, आणि तेव्हा आपली बचत त्याच छपरांत आणि भिंतींत अडकलेली असेल.

आपण विचाराल की, मी घातलेल्या पैशांना आणि श्रमांना काहीच किंमत नाही का? आज आपण तेथे केवळ वडिलांच्या परवानगीने असाल. मालकाच्या परवानगीने स्वखर्चाने कायम स्वरूपाचे काम केलेल्या व्यक्तीची परवानगी काढून घेता येत नाही, असे भारतीय सुविधाधिकार अधिनियमाचे कलम 60 सांगते. परंतु त्याने मालकी मिळत नाही, आणि निम्मी मालक असलेल्या आत्याने तर आपल्याला परवानगीच दिलेली नाही. पुढे सहमालक झाल्यावरही, सुधारणा केलेला भाग शक्य असल्यास ती करणाऱ्याच्या वाट्याला देण्याचा न्यायालये प्रयत्न करतात, पण खर्चाची भरपाई हमखास मिळेल असे मानून चालू नये. पंधरा वर्षे राबलेल्या मुलीला आणि वर्षातून एकदा पाहुण्यासारख्या आलेल्या भावाला वारसा कायदा एकाच मापाने मोजतो. मला हे प्रत्येक वेळी बोचते, पण कायदा तसाच आहे.

म्हणून माझा सल्ला असा की, राजीनाम्याआधी वडील आणि आत्या या दोघांकडून आपल्या नावे दीर्घ मुदतीचा, उदाहरणार्थ पंधरा किंवा वीस वर्षांचा, भाडेपट्टा करून घ्यावा. एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच असावा लागतो. त्यात दोघांना द्यायचे भाडे, आपण करावयाच्या सुधारणा, पट्टा संपल्यास त्यांचे मूल्यांकन कोण व कसे करील, हिस्सा विकायचा झाल्यास प्रथम आपल्याला विचारण्याची अट आणि हे सर्व उभयतांच्या वारसांवर बंधनकारक राहील, हे स्पष्ट लिहावे. बक्षीसपत्रापेक्षा हा मार्ग मला अधिक योग्य वाटतो. बक्षीसपत्र एकदा झाले की मनात आले म्हणून ते फिरवता येत नाही, आणि वयाच्या 74 व्या वर्षी वडिलांनी एकमेव मिळकत हातची घालवावी, असे त्यांच्या बाजूने विचार करता मला सांगवत नाही. भाडेपट्ट्याने त्यांची मालकी आणि उत्पन्न दोन्ही टिकते आणि आपल्या गुंतवणुकीला आधार मिळतो. जोडीला वडिलांनी आपल्या अर्ध्या हिश्श्याचे मृत्युपत्र करावे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत. ते असे असावेत की ज्यांना त्या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही. तथापि वडील हयात असेपर्यंत मृत्युपत्र कधीही बदलू शकतात, म्हणून केवळ त्यावर विसंबून नोकरी सोडू नये.

आत्याला खरोखरच काही नको असेल, तर ती हक्कसोडपत्र वडिलांच्या लाभात करू शकते. आपण आज सहहिस्सेदार नसल्यामुळे आपल्याला थेट द्यायचे असेल तर बक्षीसपत्रच करावे लागेल. मात्र त्याआधी तिला तिचा हिस्सा निम्मा आहे हे स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि तिने स्वतःच्या वकिलाचा सल्ला घ्यावा असा आग्रह आपणच धरावा. अनेक घरांत आत्याला आकडा न सांगता सही घेतली जाते. ते अन्यायाचे आहेच, शिवाय फसवणूक किंवा गैरवाजवी दबाव या कारणावरून असा दस्त पुढे न्यायालयात आव्हानित होऊ शकतो.

बंधूंचे पैसे कर्ज, भांडवल की भेट, हेही लिहून ठेवावे. केवळ सामाईक मिळकतीचे उत्पन्न वाटून घेतल्याने भागीदारी होत नाही. पण बंधूंसोबत खरोखर भागीदारी करणार असाल, तर करारात आपल्या मासिक मोबदल्याची तरतूद हवीच. तशी नसेल, तर भागीदारी अधिनियम, 1932 च्या कलम 13 नुसार काम करणाऱ्या भागीदाराला मोबदला मिळत नाही आणि नफा समसमान वाटला जातो.

भाडेपट्ट्याच्या मसुद्यापूर्वी जमिनीचा अकृषिक परवाना व बांधकाम परवानग्या पाहून घ्याव्यात. जमीन अद्याप शेतीची असेल किंवा महाबळेश्वर-पाचगणी व माथेरानसारख्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात असेल, तर पट्ट्याची आणि दुरुस्तीची दोन्ही गणिते बदलतील. वडिलांच्या नावावरील अन्न परवाना आणि असल्यास जीएसटी नोंदणी आपोआप आपली होणार नाही.

नोकरीत आपली साडेचार वर्षे झाली आहेत. कायम कर्मचाऱ्याने स्वतःहून राजीनामा दिल्यास ग्रॅच्युइटीचा हक्क साधारणतः सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळतो, त्यामुळे पुढच्या महिन्यात बाहेर पडल्यास ती रक्कम जवळजवळ निश्चितच गमवाल. तेव्हा सूचना कालावधी धरून शेवटचा दिवस पाच वर्षे पूर्ण झाल्यानंतर येईल अशा बेताने राजीनामा द्यावा. हाती असलेल्या या सहा महिन्यांत सातबाऱ्याचे जुने उतारे आणि 1996 नंतरचे सर्व फेरफार काढावेत, आणि पहिल्या सुट्टीत वडिलांना सोबत घेऊन आत्याकडे जावे.