‘तत्रैव’ कधी आणि ‘पूर्वोक्त’ कधी?

प्रबंध लिहिणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं, एकच पुस्तक पंधरा ठिकाणी येतंय, तर प्रत्येक अंत्यटिपेत (शेवटी येणाऱ्या संदर्भाच्या टिपेत, एंडनोटमध्ये) नुसतं ‘तत्रैव’ लिहिलं तर चालेल का, आणि मग ‘पूर्वोक्त’ कुठे वापरायचं?

सरसकट नाही चालणार. तत्रैव म्हणजे तत्र + एव, ‘तिथेच’. इंग्रजीतलं इबिड ज्या लॅटिन इबिडेमवरून आलंय त्याचाही अर्थ हाच. हे ‘तिथेच’ फक्त लगेच वरच्या टिपेकडे बोट दाखवतं, मध्ये दुसरं पुस्तक आलं की ते संपलं, तिथे लेखकाचं आडनाव देऊन ‘पूर्वोक्त, पृ. ४२’ असं लिहायचं. बरेच जण ‘उपरोक्त’ लिहितात, पण उपरि + उक्त याचा संधी उपर्युक्त होतो, म्हणून मला पूर्वोक्तच बरा वाटतो.

खरी अडचण पुढे येते. समजा टीप १४ मध्ये एक बखर आहे आणि टीप १५ आहे ‘तत्रैव, पृ. ४२’. गाईड म्हणाले मध्ये एक संदर्भ टाका. वर्ड नव्या टिपेला १५ देतं, जुनीला १६ करतं, नंबर सगळे चोख, पण तुमचं तत्रैव आता बखरीऐवजी भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतंय आणि ते सांगणारं कुणी नाही, कारण वर्डच्या लेखी ती नुसती अक्षरं. म्हणून मसुदा हलतोय तोवर तत्रैव लिहूच नका, आडनाव, पुस्तकाचं छोटं नाव आणि पान एवढं प्रत्येक वेळी द्या. संदर्भ कसे द्यायचे ते सांगणाऱ्या ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ या इंग्रजी पुस्तकानेही २०१७च्या १७व्या आवृत्तीपासून इबिडपेक्षा असा छोटा संदर्भच बरा म्हटलंय. विद्यापीठाला तत्रैवच हवं असेल तर शेवटच्या वाचनात घाला.

तेच पुस्तक, तेच पान पुन्हा आलं तर नवी टीप करायचीच नाही. रेफरन्सेस टॅबमध्ये क्रॉस-रेफरन्स, त्यात एंडनोट, आणि फॉरमॅटेड नंबर निवडला की जुन्याच टिपेचा आकडा वर चढून बसतो. तो आपोआप बदलत नाही हं, कंट्रोल-ए आणि एफ-९ दाबावं लागतं. असाच क्रॉस-रेफरन्स टिपेच्या आतही टाकता येतो, म्हणजे ‘पूर्वोक्त, टीप ३’ मधला ३ हाताने टाइप करायला नको, फक्त टिपांमध्ये कर्सर ठेवून कंट्रोल-ए, एफ-९ वेगळं करायचं, मुख्य मजकुरात केलेलं तिथे पोचत नाही.