वाचक विचारतात: मुक्कामी गाडीतला कथाकार

(पाटण तालुक्यात एसटीचे वाहक असलेले आणि हौसेनं कथा लिहिणारे आमचे एक लेखक या वेळी वाचकांच्या पत्रांना उत्तरं देत आहेत. गेल्या अंकातली ‘मावळण’ ही कथा त्यांचीच.)

तुमच्यावर कोणत्या लेखकांचा प्रभाव आहे? (एक वाचक, इस्लामपूर)

व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार. तिघांची पुस्तकं नंतर वाचली, आधी त्यांना ऐकलं. हे तिघे गावोगाव कथाकथन करायचे. आमच्या वाट्याला कॅसेट आल्या. मामाच्या घरी टेप लागला की सोपा माणसांनी भरून जायचा. कथा कानानं घ्यायची, हे तेव्हा जे मनात बसलं ते बसलंच.

आजही लिहिलेलं मोठ्यानं वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. मुक्कामाची गाडी वरच्या गावाला लागते, जेवणं उरकतात, ड्रायव्हरसाहेब मागच्या लांब सीटवर अंथरूण टाकतात आणि मी मोबाइलच्या उजेडात वही उघडतो. ते डोळे मिटून ऐकतात. पात्राचं बोलणं खरं उतरलं असेल तर हुंकार येतो, वर्णन लांबलं की ते कूस बदलतात. ज्या वाक्याला कूस बदलली, ते सकाळी गाडी काढायच्या आत मी खोडतो. इतका चोख श्रोता शहरातल्या कथाकारालाही मिळत नसेल.

प्रवासी तुमच्याशी मन मोकळं करतात. त्यांच्या गोष्टी तुम्ही कथेत घालता का? ते योग्य वाटतं का? (एक शिक्षिका, कराड)

बाई, हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी लोकांची बोली घेतो, त्यांचं दुःख घेत नाही.

कोयनेच्या खोऱ्यात दोन गोष्टी घरोघर निघतात. एक, धरणाच्या पाण्याखाली गेलेली जमीन. दुसरी, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, भूकंपाची. गाडी रिकामी असली की म्हातारी माणसं पुढच्या सीटवर येऊन बसतात आणि बोलायला लागतात. एका आजोबांनी मला त्या पहाटेचं सगळं सांगितलं. कोण कुठं निजलं होतं, कुणाला बाहेर काढलं, कोण राहिलं. ते मी कधीही लिहिणार नाही. त्यांनी ते मला सांगितलं होतं, मासिकाला नव्हे.

पण सांगताना ते भिंत पडली असं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, “भित आमच्याकडं आली.” हे वाक्य मला सोडेना. पुढं पुराची एक कथा लिहीत होतो, त्यात एका बाईच्या तोंडी घालावंसं वाटलं, “नदी आमच्याकडं आली.” आधी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, “शब्द काय माझ्या बापाचा हाय व्हय? घे की.” मग घेतलं.

कुणी म्हणेल, लेखकानं एवढं सोवळं कशाला पाळायचं? मला वाटतं, पाळावं. ज्या माणसाला उद्या पुन्हा तिकीट द्यायचंय, त्याचं घर चव्हाट्यावर आणून मिळवलेली कथा मला नको.

‘मावळण’मधली आत्या सण नाही, लग्न नाही, तरी मंगळवारी उठून माहेरी जाते. हे कसं सुचलं? (एक वाचक, विटा)

अर्ध्या तिकिटामुळं. मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायकांना निम्मं भाडं झालं आणि माझी गाडीच बदलली. पूर्वी म्हाताऱ्या बायका पंचमीला, दिवाळीला, नाहीतर कुणी गेल्यावर माहेरी निघायच्या, तेही भाऊ किंवा पोरगा बरोबर घेऊन. आता एकट्या चढतात. एकजण डोळे तपासायला कराडला निघालेली असते, दुसरी नुसती बहिणीला बघून यायला. कनवटीची नोट स्वतः काढतात, आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं असतं. पैसे मोजून हातावर ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं ते मला कथेत हवं होतं. त्याआधीच्या माझ्या कथांमधल्या बायका वाट बघत बसायच्या. आताच्या निघतात.

तुम्ही मुळात बोलके की अबोल? (एक वाचक, सातारा)

ड्युटीवर बोलका, घरी अबोल. घरच्यांना त्याची सवय झालीय.

मी बावीस वर्षांचा आहे. कथा लिहून ठेवल्यात, पण स्वतःच्या नावानं पाठवायला धीर होत नाही. टोपणनाव घेऊ का? (एक विद्यार्थी, चिपळूण)

खुशाल घ्या. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी फिरवली होती. पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा परीक्षकांनी फक्त कथा बघितली होती. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला नाव बाजूला ठेवून कथा जोखून घ्यावीशी वाटली. मग तुम्हाला-आम्हाला संकोच कसला? नाव झाकलं तरी चालेल, वही मात्र झाकून ठेवू नका.

आणि दिवाळी अंकाला पाठवणार असाल तर पावसाच्या सुरुवातीलाच पाठवा. गणपतीनंतर संपादकांचे अंक भरत आलेले असतात. शब्दमर्यादा आधी विचारून घ्या, आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. पाठवायच्या आधी कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. चिपळूणला आमची गाडी येते. स्टँडवर भेटलात तर मीही ऐकीन.