इंग्रजीतले 'स्टोन'वाले शब्द आणि वाक्प्रचार स्वीडिशमध्ये तसेच्या तसे नेता येतात का?

सुटे शब्द बरेचसे जातात, वाक्प्रचार मात्र निम्मेच. तुम्ही विचारलंय की 'स्टोन' काढून तिथे 'स्तेन' बसवला की भागेल का. शब्द मुळात एकच आहे, दोन्ही भाषा जर्मानिक, त्यामुळे मोह होतोच. मी नोकरीनिमित्त गोथेनबर्गला आल्यावर स्वीडिश शिकलो आणि सुरुवातीला हेच करत होतो. बऱ्याचदा खपूनही जायचं.

आधी सरळ जाणारे शब्द. एक दगड म्हणजे 'एन स्तेन', अनेक म्हणजे 'स्तेनार'. अश्मयुग 'स्तेनओल्डेर', मुतखडा 'न्यूरस्तेन', पित्तखडा 'गालस्तेन'. कोनशिलेला 'होर्नस्तेन', म्हणजे कोपरा अधिक दगड, अगदी आपल्यासारखंच. दातांवर साचणाऱ्या किटणालाही ते दगडच म्हणतात: 'तान्डस्तेन'. डेंटिस्टकडे हा शब्द हमखास कानावर पडेल.

मराठी माणसाला सगळ्यात सोपा जाणारा शब्द आहे 'स्तेनकोल', म्हणजे दगडी कोळसा. लाकडी कोळसा तो 'त्रेकोल', 'त्रे' म्हणजे लाकूड. इथे इंग्रजीतून जाऊच नका, मराठीतून थेट जा. फक्त शेवटचा 'ओ' लांब ठेवा. तो आखूड करून 'ल'वर जोर दिलात तर होतं 'स्तेनकॉल्ल', आणि त्याचा अर्थ एखाद्या गोष्टीची खडान्‌खडा माहिती असणं.

इथे 'स्तेन' दगड राहतच नाही, नुसता 'अगदी, ठार' अशा अर्थाने पुढे चिकटतो. ठार बहिरा 'स्तेनडोव', ठार मेलेला 'स्तेनडोड'. इथवर इंग्रजी सोबत येते. पण 'स्तेनरीक' म्हणजे गडगंज श्रीमंत, आणि हा शब्द मला फार आवडतो. जोर फक्त पहिल्या भागावर दिला तर अर्थ होतो दगडधोंड्यांनी भरलेली जमीन, दोन्ही भागांवर दिला तर गडगंज माणूस. दक्षिणेकडच्या स्मोलांड प्रांतात शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शेतातले दगड वेचून बांधावर त्यांच्या लांबच लांब भिंती रचल्या. तिथला शेतकरी पहिल्या अर्थाने नक्कीच 'स्तेनरीक' होता, दुसऱ्या अर्थाने क्वचितच.

आता वाक्प्रचार. 'एका दगडात दोन पक्षी' स्वीडिशमध्ये नाही. तिथे एका फटक्यात दोन माश्या मारतात: 'स्लो त्वो फ्लूगोर ई एन स्मेल'. दगड घातलात तर समोरच्याला अर्थ कळेल, पण तो हसेल. शोधात काहीही बाकी न ठेवणं याला जुनी म्हण 'लेम्ना इंगेन मोडा ऊस्पार्ड', म्हणजे कष्टात कसूर न करणं. मात्र 'वेन्डा पो वार्ये स्तेन', प्रत्येक दगड उलटून पाहणं, हेही सर्रास चालतं, पोलीस आणि राजकारणी तर ते आवडीने वापरतात. काचेच्या घरात बसून दगड मारू नये, घरंगळत्या दगडावर शेवाळ धरत नाही, या दोन्ही म्हणी जशाच्या तशा आहेत. हाकेच्या अंतराला 'स्तेनकास्त', दगडफेकीएवढं अंतर. आणि आपला जीव भांड्यात पडतो तेव्हा स्वीडिश माणसाच्या काळजावरून दगड खाली पडतो.

जिथे हमखास फसगत होते ते शब्द वेगळे. फळातल्या कोयीला इंग्रजीत 'स्टोन' म्हणतात, पण स्वीडिशमध्ये ती दगड नाही, 'शेर्ना' आहे. मैलाचा दगड हा दगड नसून खांब आहे, 'मीलस्तोल्पे'. त्यातला 'मील' तर आणखी घोळ घालतो, कारण स्वीडिश मील म्हणजे 10 किलोमीटर. कुणी 'घर ऑफिसपासून पाच मील' म्हणालं तर 50 किलोमीटर समजा. इंग्रजीतल्या 'रॉक'ला एकच शब्द नाही: हातात मावेल तो 'स्तेन', समुद्रकाठचा कडा 'क्लिपा', डोंगर किंवा खालचा कातळ 'बेर्य'. मुलांच्या खेळात मात्र 'रॉक'चा 'स्तेन'च होतो, आणि कागदाच्या जागी पिशवी येते: 'स्तेन, साक्स, पोसे', म्हणजे दगड, कात्री, पिशवी. ब्रिटिश लोक वजन 'स्टोन'मध्ये सांगतात त्याला स्वीडिशमध्ये जोड नाही, सरळ किलोत बोला.

एक शब्द उलट दिशेनेही गेला आहे आणि तो तुम्ही शाळेपासून वापरताय. जुन्या बल्बच्या तारेतलं टंगस्टन हे स्वीडिश 'तुंगस्तेन'. 'तुंग' म्हणजे जड, म्हणून जड दगड. 18व्या शतकात स्वीडनमधल्या एका वजनदार खनिजाला हे नाव होतं. 1781 मध्ये कार्ल विल्हेल्म शेले या औषध विक्रेत्याने त्या खनिजातून एक नवं आम्ल वेगळं काढलं. पुढे खनिजालाच त्याच्या नावावरून शीलाइट म्हणू लागले. धातूचं नाव इंग्रजीने स्वीडिशमधून उचललं, पण खुद्द स्वीडिश लोक त्या धातूला 'वोल्फ्राम' म्हणतात. आवर्तसारणीत टंगस्टनसमोर 'डब्ल्यू' का असतो, ते याच नावामुळे. तेव्हा स्वीडनमध्ये दुकानात किंवा कारखान्यात 'टंगस्टन' मागू नका, 'वोल्फ्राम' म्हणा.

आणि एखाद्या सहकाऱ्याचं नावच 'स्तेन' निघालं तर चेहरा सरळ ठेवा. मराठीत माणसाला दगड म्हणणं ही शिवी असली, तरी तिकडे ते जुनं, भारदस्त नाव आहे. 1471 मध्ये स्टॉकहोमजवळ ब्रुंकेबेर्यच्या लढाईत डॅनिश राजाला हरवणारा स्वीडनचा कारभारी स्तेन स्तुरेच होता.