डोलकाठीवरची पांढरी पूड

प्रश्न : मी आणि माझ्या धाकट्या भावाने मांडव्याला एक जुनी एंटरप्राइज शिडाची होडी विकत घेतली. डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची आहे. बाजूच्या तारा वर जिथे काठीला अडकतात, तिथल्या स्टीलच्या पट्टीभोवती रंग फुगलाय, पांढरी पूड निघते आणि दोन रिव्हेट हलतात. ओळखीचे फॅब्रिकेटर म्हणतात, जाडे रिव्हेट मारले की झालं. मारू का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : नका मारू. आधी पट्टी उतरवा.

ती पूड म्हणजे तुमच्या काठीचंच अ‍ॅल्युमिनियम आहे. स्टील त्याला टेकलेलं आणि मध्ये खारं पाणी, की तिथे बॅटरीच तयार होते, आणि झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. स्टील वरून चकचकीत राहतं, म्हणून फसायला होतं.

मीही फसलो आहे. जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेल्या या होडीत काठीला आधार तीनच तारांचा : दोन बाजूंना, एक पुढे. बऱ्याच वर्षांपूर्वी मुंबई बंदरातल्या मिडल ग्राउंड बेटाजवळ, जानेवारीतल्या नेहमीच्या दुपारच्या वाऱ्यात, माझी वाऱ्याकडची तार सुटली. तार शाबूत, पट्टी शाबूत. पट्टीत चारही रिव्हेट तसेच, आणि त्यांना चिकटून आलेला काठीचा पापुद्रा, बोटांनी चुरडेल असा. आदल्या मोसमात तिथे जाडे रिव्हेट मीच मारले होते. पुढे बसलेल्या मुलाच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर काठी पडली. ते मी विसरलेलो नाही.

तर, रिव्हेटचं डोकं ड्रिलने उडवा आणि बुंधा सुंब्याने आत ढकला. डोकं ड्रिलबरोबर गरगर फिरायला लागलं तर जोर करू नका, भोक लांबट होईल; चपटी छिन्नी लावा. मग पूड खरवडून चकाकता धातू दिसू द्या आणि भोकांच्या कडेला आरी टोचून बघा. धातू टणक आणि भोकं गोल असतील तर त्याच भोकांत ४.८ मिलिमीटरचे मोनेलचे (निकेल आणि तांब्याच्या मिश्रधातूचे) रिव्हेट बसवा. साधे अ‍ॅल्युमिनियमचे इथे चालत नाहीत. मोनेल हातपक्कडीने ओढलं जात नाही, लांब दांड्यांचं रिव्हेटर भाड्याने आणा. भोकं लांबट झाली असतील तर पट्टी थोडी वर किंवा खाली सरकवा. पण नवी भोकं एका रेषेत पाडू नका, काठी पोस्टाच्या तिकिटासारखी फाटते. एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत चीर गेलेली दिसली, तर मात्र ती काठी बाद समजा.

बसवताना पट्टीखाली आणि प्रत्येक रिव्हेटला दोन धातू एकमेकांना टेकू न देणारी ड्युरालॅकसारखी पेस्ट लावा. हातमोजे घाला, ती विषारी असते. पट्टीखाली पातळ प्लास्टिकचा तुकडा कापून घातलात तर आणखी बरं. काम झाल्यावर काठी तिरकी करून आत पडलेले रिव्हेटचे तुकडे झटकून काढा. ते आत गंजतात आणि शीड चढवायच्या दोरीत अडकतात.

काठी खाली आहेच, तर तारांवरून कापूस फिरवा. कुठे अडकला तर तिथला पदर तुटलाय. मग दोन्ही बाजूंच्या तारा एकदमच बदला.

पट्टी उतरली की भोकांशेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा आणि मला पाठवा. तोपर्यंत होडी पाण्यात नेऊ नका.