१९१४ मध्ये भारतीयांना घेऊन कॅनडातल्या व्हँकूव्हरला गेलेल्या कोमागाटा मारू या जहाजाला परत पाठवलं गेलं. त्यावरचे प्रवासी ब्रिटिश प्रजाजन होते, मग कॅनडाने त्यांना कायद्याने कसं अडवलं?

‘भारतीयांना प्रवेश नाही’ असं वाक्य त्या कायद्यात शोधून सापडणार नाही. सगळी मेख तिकिटात होती.

साम्राज्यातले सगळे प्रजाजन सारखे, हे निदान तोंडदेखलं तरी सांभाळावं लागत होतं. त्यात ब्रिटिश फौजेत शीख शिपाई मोठ्या संख्येने. उघड बंदी घातली असती तर लंडनची आणि भारत सरकारची पंचाईत झाली असती. म्हणून जानेवारी १९०८ मध्ये कॅनडाने आडवाटेचा हुकूम काढला: येणाऱ्याने जन्माच्या किंवा नागरिकत्वाच्या देशातून, तिथेच काढलेल्या थेट तिकिटावर, प्रवास न तोडता आलं पाहिजे. कलकत्ता ते व्हँकूव्हर असं सलग तिकीट देऊ शकणारी कंपनी होती कॅनेडियन पॅसिफिक, आणि तिला ते विकू नका असं सरकारने बजावलं. म्हणजे अट पाळायला एकच दार, आणि त्याला बाहेरून कडी.

दुसरा हुकूम पैशाचा. आशियाई माणसाकडे उतरताना २०० डॉलर हवेत, इतरांना साधारण २५ पुरत. चिनी लोकांवर आधीच माणशी ५०० डॉलरचा कर होता आणि जपानशी वेगळा समझोता झाला होता, त्यामुळे हे दोघे या हुकुमातून वगळले गेले. मग ‘आशियाई’ म्हणून उरलं कोण? परिणाम आकड्यांत दिसतो: १९०७-०८ मध्ये २,६२३ भारतीय कॅनडात उतरले, पुढच्या वर्षी ६. आणि माणसं नकोत म्हणावं, तर १९१३ या एका वर्षात कॅनडाने चार लाखांवर स्थलांतरित घेतले.

आता १९१४ मध्येच जहाज का निघालं, हे कळायला पनामा मारूचा खटला माहीत हवा. हा भाग बहुतेक जण गाळतात. ऑक्टोबर १९१३ मध्ये पनामा मारू या जहाजाने कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, व्हिक्टोरियाला आलेल्या भारतीयांपैकी बऱ्याच जणांना हद्दपारीचा हुकूम झाला आणि ते न्यायालयात गेले. ब्रिटिश कोलंबियाचे मुख्य न्यायाधीश हंटर यांनी नोव्हेंबरमध्ये तिकिटाचा आणि पैशाचा हे दोन्ही हुकूमच रद्द ठरवले. एक कारण निव्वळ शब्दाचं होतं: मूळ कायद्यात ‘आशियाई वंशाचा’ आणि हुकुमात ‘आशियाई मूळ असलेला’. आशियात जन्मलेला गोरा इंग्रजही या दुसऱ्या व्याख्येत बसतो, तेव्हा हुकूम कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेर गेला.

ही बातमी हाँगकाँगला पोहोचली. तिथे आणि शांघायला पोलीस किंवा पहारेकरी म्हणून काम केलेले बरेच शीख कॅनडाच्या आशेवर थांबले होते. मलाया-सिंगापुरात कंत्राटं करणारे गुरदित सिंग यांनी कोमागाटा मारू हे जपानी मालवाहू जहाज भाड्याने घेतलं. ४ एप्रिल १९१४ रोजी हाँगकाँगहून १६५ जण निघाले. वाटेत शांघायला १११, आणि जपानमध्ये मोजीला ८६ व योकोहामाला १४ चढले. एकूण ३७६: ३४० शीख, २४ मुसलमान, १२ हिंदू.

घोळ असा की तोवर ओटावाने, म्हणजे कॅनडाच्या केंद्र सरकारने, भोकं बुजवली होती. डिसेंबर १९१३ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या बंदरांत कारागीर-मजुरांना बंदी झाली, आणि जानेवारी १९१४ मध्ये तेच दोन जुने हुकूम शब्द दुरुस्त करून पुन्हा निघाले. जहाज २३ मे रोजी व्हँकूव्हरला पोहोचलं, तेव्हा ज्या निकालाच्या भरवशावर ते निघालं होतं तो निरुपयोगी झाला होता.

पुढची खेळी वेळकाढूपणाची होती, आणि माझ्या मते कायद्यापेक्षा तीच जास्त निर्दय. इमिग्रेशन खात्याने वैद्यकीय तपासणी आणि चौकशी रेंगाळत ठेवली. हद्दपारीचा हुकूमच नाही, तर आव्हान देणार कशाला? दरम्यान जहाजाच्या भाड्याचा हप्ता थकला की मालक आपणच जहाज परत नेईल, असा हिशोब. गुरदित सिंगांना किनाऱ्यावर उतरू दिलं नाही, त्यामुळे जहाजावरचा कोळसा विकून पैसे उभे करायचा बेतही बुडाला. अन्नपाण्याचे हाल झाले. व्हँकूव्हरच्या शिखांनी आणि इतर भारतीयांनी वर्गणी काढून सुमारे २२,००० डॉलर जमवले, हप्ता भरला आणि भाडेकरार आपल्यातल्याच भाग सिंग व हुसेन रहीम यांच्या नावावर करून घेतला.

शेवटी मुन्शी सिंग या एका प्रवाशाचा नमुना खटला चालला. ६ जुलैला अपील न्यायालयाच्या पाचही न्यायाधीशांनी हुकूम वैध ठरवले. १९ जुलैला पहाटे ‘सी लायन’ बोटीतून पोलीस चढायला गेले, त्यांच्यावर प्रवाशांनी कोळशाचा मारा केला. मग ‘रेनबो’ ही युद्धनौका आणली आणि २३ जुलैला जहाज परत फिरलं. आधी कॅनडात राहून गेलेले वीसेक जण तेवढे उतरू शकले. २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबज इथे प्रवाशांना सक्तीने पंजाबच्या खास गाडीत कोंबायचा प्रयत्न झाला, तिथे गोळीबार होऊन २० प्रवासी ठार झाले.

या प्रकरणाने गदर पक्षाला, म्हणजे परदेशातल्या भारतीयांच्या ब्रिटिशविरोधी क्रांतिकारी संघटनेला, धार आली. त्यात मराठी माणसंही होती: वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे. पिंगळ्यांना नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला कर्तारसिंग सराभांबरोबरच फाशी झाली.

सलग प्रवासाची अट १९४७ पर्यंत टिकली. तिचा रोजचा जाच जहाजावरच्यांपेक्षा आधीच तिथे स्थायिक झालेल्यांना झाला, कारण ती बायकामुलांनाही लागू होती. १९१९ मध्ये त्यांना परवानगी मिळाली, तोवर लाकूड गिरण्यांच्या बंकहाउसमध्ये, म्हणजे कामगारांच्या सामाईक बराकीत, राहणारे पुरुष वर्षानुवर्षं एकटेच होते.

जुने कॅनेडियन कागद चाळणार असाल तर ‘शीख’ शब्दावर अडून बसू नका. तिथे शीख, मुसलमान सगळेच ‘हिंदू’ म्हणून नोंदले आहेत, आणि तेही बऱ्याचदा जुन्या स्पेलिंगने, शेवटी दोन ‘ओ’ लावून.