तोयोकावा इनारी: देऊळ, विहार की मठ?

प्रश्न असा होता की जपानमधल्या तोयोकावा इनारीबद्दल मराठीत लिहायचं तर शब्द कोणता वापरायचा, कारण इंग्रजीत कुणी श्राइन म्हणतं कुणी टेंपल, आणि आपण दोन्हींना सरसकट मंदिर म्हणून मोकळे होतो.

माझं मत विचाराल तर देवस्थान लिहा. आता शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं असेल तर श्राइन आणि बौद्ध असेल तर टेंपल ही इंग्रजीतली सोय आहे. जपानीतपण नावावरून कळतं म्हणा, शेवटी जिंजा किंवा ताइशा आलं की शिंतो, जी किंवा देरा आलं की बौद्ध. त्या हिशेबाने हे बौद्ध, कारण मूळ नाव म्योगोन-जी, आइची प्रांतात १४४१ साली स्थापन झालेला सोतो झेन पंथाचा मठ, मुख्य मूर्ती सहस्रभुज कान्नोनची म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराची. पण आवारात शिंतो देवळांसारखी तोरी कमान आहे, आणि आत एका बाजूला कोल्ह्यांच्या दगडी मूर्ती दाटीवाटीने बसवल्यात, गळ्यात लाल लाळेरी बांधलेल्या!

लोक येतात ते दाकिनीतेनच्या दर्शनाला. पांढऱ्या कोल्ह्यावर उभी, खांद्यावर भाताची पेंढी. ही मूळची संस्कृतातली डाकिनी, आपली डाकीण पण तिच्यावरूनच आली. आपल्याकडे तिच्या नावाने पोरं घाबरतात आणि तिकडे व्यापारी लोक धंद्यात बरकत दे म्हणून तिला साकडं घालतात, मला हे फार भारी वाटतं. कोल्हा वाहन असल्यामुळे ती इनारी या भाताच्या देवाशी एकरूप झाली.

१८६८ मध्ये मेइजी सरकारने शिंतो देव आणि बुद्ध वेगळे करायचा हुकूम काढला, क्योतोच्या गिओन देवळाचं नाव बदलून यासाका जिंजा झालं ते तेव्हाच. म्योगोन-जी मात्र बौद्धच राहिलं आणि इनारीही तिथेच राहिली.

म्हणून नुसतं देऊळ म्हटलं की झेन सुटतं, विहार म्हटलं की महाराष्ट्रात बुद्धविहार डोळ्यासमोर येतो जिथे असल्या देवता नसतात, आणि मठ म्हटलं तर नवस बोलायला येणारी गर्दी कुठे बसवणार? देवस्थानात हे सगळं मावतं. पहिल्यांदा उल्लेख करताना 'झेन मठातलं इनारीचं देवस्थान' असं लिहा, पुढे नुसतं देवस्थान चालेल.

आणि दर्शनाचं वर्णन करणार असाल तर टाळ्या वाजवल्या असं लिहू नका, ती जिंजातली पद्धत, इथे फक्त हात जोडतात.